‘प्रवेश सुरू’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील महाविद्यालये, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्या बातम्या आपल्या स्थानिक पानावर नेहमी असतात. त्यातल्या बहुतेक होऊन गेलेल्या कार्यक्रमांच्या. होणाऱ्या कार्यक्रमाची सूचना येते ती अशी: ‘विविध अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना प्रवेश सुरू. इच्छुकांनी कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.’ एवढ्या मजकुरावर कणकुंबीची एखादी मुलगी बेळगावला यायचे ठरवू शकत नाही. वर्ग सकाळी की दुपारी, फी किती, एसएसएलसी (दहावी) नापास चालते का, शिकवणार मराठीत की कन्नडमध्ये, अर्जाची शेवटची तारीख कुठली, यातले तिला काहीच कळत नाही. चौकशीला यायचे म्हटले तर एक दिवस मोडतो, आणि आल्यावर ‘तुकडी भरली, पुढच्या वेळी या’ हे ऐकून परतावे लागते. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही हे खरे, पण बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

सीमाभागात शिकण्याच्या सोयीच नाहीत, अशी तक्रार आम्ही करणार नाही. सोयी आहेत. त्यांची सूचना नीट लिहिली जात नाही आणि वेळेवर छापून येत नाही, म्हणून एकीकडे जागा रिकाम्या राहतात आणि दुसरीकडे गरजू घरी बसतात. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

असे अल्पमुदतीचे, हातच्या कामाचे शिक्षण देणारे कम्युनिटी कॉलेज म्हटले की लोकांना वेगळी इमारत, वेगळा फलक डोळ्यांपुढे येतो. तसे नसते. देशातले पहिले कम्युनिटी कॉलेज १९९५ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झाले. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जी योजना आणली ती चालू महाविद्यालयांच्या आवारातच असे अभ्यासक्रम चालवण्याची होती: सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, वर्षाची पदविका, दोन वर्षांची प्रगत पदविका. त्यात ६० टक्के भाग हातच्या कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा. आपल्या जिल्ह्यात हे काम एका छताखाली होत नाही. थोडे पदवी महाविद्यालयांच्या प्रमाणपत्र वर्गांत, थोडे आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये, थोडे शासकीय टूल रूममध्ये, शेतीचे मत्तीकोप आणि तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रांत, मातीकामाचे खानापूरच्या केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थेत, आणि स्वयंरोजगाराचे बँकेच्या मदतीने चालणाऱ्या ‘आरसेटी’त. आरसेटीत राहणे, जेवण आणि प्रशिक्षण मोफत असते आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावाही करतात, हे खेड्यातल्या अनेक घरांना माहीतच नाही. इतक्या ठिकाणी विखुरलेली माहिती गोळा करणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही. ती एकत्र येण्याची जागा म्हणजे वर्तमानपत्र.

आता सूचनेत काय असावे. तारीख, वेळ, ठिकाण, फी आणि पात्रता या गोष्टी कोणीही सांगेल. ज्या दोन गोष्टी कधीच छापल्या जात नाहीत आणि ज्यांच्यावर सगळे अवलंबून असते त्या म्हणजे प्रत्यक्ष कामाचे तास आणि तुकडीमागे यंत्रे किती.

वेल्डिंगचा वर्ग घ्या. तुकडी २० जणांची, बूथ (एका वेळी एकाने वेल्डिंग करायची जागा) ४ आणि वर्ग ३ तासांचा असेल तर एकेकाच्या वाट्याला ३६ मिनिटे येतात. त्यातच पत्रा घासणे, टॅक (तात्पुरते टाके) मारणे, स्लॅग (वेल्डवरची खपली) झाडणे आले. ३.१५ मिमीचा रॉड साधारण दीड मिनिटात जळतो. म्हणजे सगळे सुरळीत चालले तर दिवसाला दहा-बारा रॉड हाताखालून जातील. हात बसायला एवढे हवेतच. बूथ दोनच असले तर ते पाच-सहावर येतात, आणि महिन्यानेही मुलगा सरळ बीड (वेल्डची रेघ) ओढू शकत नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर पट्ट्यात उघड्या पाकिटातला ६०१३ जातीचा रॉड ओल धरतो. मग आर्क फडफडतो, शिंतोडे उडतात, वेल्डमध्ये बारीक छिद्रे राहतात, आणि शिकणाऱ्याला वाटते आपल्यालाच जमत नाही. त्यावर दोन आठवड्यांत वर्ग सोडून गेलेल्या मुलांना कोणी परत बोलावत नाही. चूक रॉडची असते. रॉड कोरड्या पेटीत ठेवायचे, वापरण्याआधी ओव्हनमध्ये सुकवायचे, एवढाच उपाय. ७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड असेल तर तो ३०० अंशांच्या पुढे भाजून घेतल्याशिवाय वापरूच नये. चौकशीला जाल तेव्हा कार्यालयात फी विचारून परतू नका. वर्कशॉपमध्ये जा, बूथ मोजा, रॉडचा ओव्हन आहे का आणि तो चालू आहे का हे बघा.

सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांच्या, वर्गाचेही तसेच. उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांत हायड्रॉलिकचे सुटे भाग आणि कास्टिंगचे मशीनिंग चालते, त्यामुळे या अभ्यासक्रमांना मागणी भरपूर. काही ठिकाणी मात्र सगळे शिक्षण संगणकावरच्या सिम्युलेटरवर होते. जी-कोड, एम-कोड या आज्ञा पाठ होतात, जॉब झीरो (कामाच्या तुकड्यावरचा मोजणीचा आरंभबिंदू) कसा घ्यायचा ते येत नाही. टिंबाचेच उदाहरण पाहा. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर बऱ्याच ठिकाणी अशी मांडणी असते की ‘एक्स ५०’ लिहून पुढे टिंब दिले नाही तर यंत्र ते ५० मिलिमीटर न धरता ०.०५० मिलिमीटर धरते. सिम्युलेटरवर ही चूक झाली तर पडद्यावर रेघ वेडीवाकडी येते. मशीनवर झाली तर टूल थेट जॉबमध्ये किंवा चकमध्ये जाते. ही भीती आणि ती काबूत ठेवायची शिस्त, म्हणजे पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच आज्ञा), फीड (टूल सरकण्याचा वेग) कमी करून, हात स्टॉप बटणाजवळ ठेवून चालवणे, चालत्या मशीनसमोर उभे राहूनच अंगी येते. म्हणून सूचनेत ‘एकूण १२० तास’ एवढेच लिहू नये. ‘त्यातले मशीनवर इतके’ हेही असावे. मोजमापाचे तास वेगळे दाखवले तर आणखी चांगले. ०.०२ मिमीचा व्हर्निअर आणि ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर बिनचूक वाचता येणे, जबडे मिटवून आधी शून्याची चूक तपासणे, रॅचेट तीनदा वाजला की थांबणे, एवढे ज्याला येते तो हेल्पर राहत नाही.

प्रमाणपत्राबाबत लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. ‘शासनमान्य’ हा शब्द कुठेही छापता येतो. विचारायचे ते असे: परीक्षा कोण घेणार, वर्ग घेणारी संस्थाच की बाहेरची? प्रमाणपत्रावर एनसीव्हीईटी किंवा एनसीव्हीटी या व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदांचे नाव असेल का? एनएसक्यूएफचा (कौशल्याच्या राष्ट्रीय आराखड्यातला) स्तर आणि अभ्यासक्रमाचा क्रमांक छापलेला असेल का? हे नसेल तर ते हजेरीचे प्रमाणपत्र. हजेरीचे प्रमाणपत्र वाईट असते असे नाही. दोन दिवसांच्या शिबिराला ते पुरेसे आहे. पण सहा महिने आणि फी घालून तेवढेच हाती येणार असेल तर ते आधी कळले पाहिजे. पुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. ४ ते २९ माणसांच्या वर्कशॉपला बंधन नाही, पण ते घेऊ शकतात. आपल्याकडची कितीतरी युनिटे या दुसऱ्या गटातली. वर्ग चालवणाऱ्या संस्थेने अशा कोणत्या युनिटांशी बोलणे केले आहे, हे सूचनेत एका ओळीत येऊ शकते.

पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेची चौकशी बरेच जण करतात, म्हणून थोडक्यात. योजनेत १८ व्यवसाय आहेत. कुंभार, लोहार, सुतार, गवंडी, शिंपी, न्हावी, चांभार, सोनार, बुरूड त्यात येतात. वडगाव-खासबाग-शहापूरचा मागावरचा विणकर येत नाही. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत. हे १५,००० रोख हातात मिळत नाहीत, व्हाउचरने मिळतात. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीतच होते, तेव्हा अर्ज केल्यावर पंचायतीत जाऊन तो पुढे गेला का ते पाहावे.

कागदपत्रांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, कारण प्रवेश अडतो तो इथे. सीमाभागातल्या मराठी माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. घरी आणि मराठी शाळेत स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर बापाचे नाव एका अक्षरावर आलेले. आधारवर इंग्रजीत कोणी ‘व्ही’ने लिहिलेले, कोणी ‘डब्ल्यू’ने. ऑनलाइन अर्जात आधारवरून नाव आपोआप उचलले जाते, ते मार्क्स कार्डाशी जुळत नाही आणि अर्ज तिथेच थांबतो. अशा वेळी घाईघाईने आधार बदलायला धावू नये. आधारवरचे नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. आधी मार्क्स कार्ड समोर ठेवून ठरवावे की पुढे कुठले नाव चालवायचे, मग त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून एकदाच दुरुस्ती करावी. वर्ग सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी. जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असण्याने मात्र काही अडत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासूनच्या नामांतरामुळे तो फरक आहे हे सर्व कार्यालयांना माहीत आहे.

जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढाल तेव्हा त्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक वेगळा लिहून ठेवा. अर्जात तोच मागतात, दाखल्याची झेरॉक्स पुसट असली की शेवटचे आकडे चुकतात. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते, ती तपासा. विद्यावेतनाचे पैसे जमा होत नाहीत, ही तक्रार तर घरोघरी आहे. खाते आधारला जोडलेले असणे वेगळे आणि थेट लाभासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या महामंडळाच्या) नोंदीत ते खाते असणे वेगळे. दोन बँकांत खाती असतील तर ज्या बँकेत शेवटी ही नोंद झाली तिथे पैसे जातात. अनेकदा पैसे आलेले असतात, आपण दुसऱ्या पासबुकात शोधत बसतो. आणखी एक: अल्पमुदतीच्या वर्गासाठी मूळ टीसी कोणाकडेही ठेवून येऊ नका. झेरॉक्सवर काम होते. मूळ टीसी अडकली की जूनमध्ये आयटीआयचा किंवा पॉलिटेक्निकचा प्रवेश हातचा जातो.

एसएसएलसी अर्धवट राहिलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) वाट खुली आहे. वय १४ पूर्ण हवे, पाच विषय घ्यायचे, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यम घेता येते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांसाठी याची एक पानी मराठी माहिती छापून वाटावी, एवढे तरी जवळच्या महाविद्यालयांनी जरूर करावे.

वेळापत्रकाबद्दल आमचे मत ठाम आहे. जिल्हाभर एकच वेळापत्रक चालणार नाही. पश्चिमेकडे बेळगाव-खानापूर तालुक्यांत जुलैत भाताची रोपलावण आणि ऑक्टोबरअखेरपासून सुगी. या दिवसांत लावलेला वर्ग रिकामा जातो. जानेवारी ते मार्च हा इथला मोकळा काळ. तिकडे चिकोडी, रायबाग, अथणीच्या उसाच्या पट्ट्यात नेमके उलटे. नोव्हेंबर ते मार्च तोडणी आणि कारखान्यांचा हंगाम, तेव्हा माणूस मिळत नाही, पावसाळ्यात मिळतो. गावच्या यात्रा उन्हाळ्यात, त्या दोन आठवड्यांत कोणी येणार नाही हे धरूनच चालावे. वर्ग सुटण्याची वेळ परतीच्या बसवरून ठरवावी. संध्याकाळी सातला सुटणारा वर्ग टिळकवाडीतल्या मुलाला सोयीचा असतो, जांबोटीच्या मुलीला नसतो. आणि निपाणी बेळगावपासून पाऊणशे किलोमीटर. तिथल्या माणसाला रोज ये-जा करायला सांगण्यापेक्षा शनिवार-रविवारचे वर्ग तिकडच्याच महाविद्यालयात लावावेत.

भाषेचे बोलायचे तर, सूचना कन्नडबरोबर मराठीतही असावी ही मागणी भांडणाची नाही, समजण्याची आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या १९५६ च्या केंद्राच्या निवेदनापासून हेच सांगितले गेले आहे की जिथे अशा भाषकांचे प्रमाण १५-२० टक्क्यांच्या वर असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. त्याचबरोबर कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात उपयोगी पडेल असा बोलीभाषेतल्या कन्नडचा तीस-चाळीस तासांचा वर्ग आणि नुडी या संगणक प्रणालीवर कन्नड टंकलेखनाचा वर्ग मराठी भागात लावला तर तो भरेल अशी आमची खात्री आहे. दोन्ही भाषांत टंकलेखन येणाऱ्या मुलाला इथे कामाची वाण पडत नाही.

एका दिवसाच्या कार्यक्रमांना आपण कमी लेखतो. माती परीक्षणाचे शिबिर हे त्याचे चांगले उदाहरण. लोक येतात, भाषण ऐकतात, आणि बरोबर आणलेली माती चुकीची असल्यामुळे अहवालही चुकीचा येतो. ‘येताना माती आणावी’ एवढे छापून भागत नाही, ती कशी काढायची हे त्याच सूचनेत असायला हवे. पीक निघाल्यावर, नांगरणी आणि खत घालण्याआधी, शेतातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडायची. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाच्या जागी, विहिरीच्या कडेला नाही. वरचा पालापाचोळा बाजूला सारून १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूचा बोटभर जाडीचा थर वरून खालपर्यंत कापायचा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करून, खडे-मुळ्या काढून, चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असे करत अर्धा किलो उरवायची. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या पोत्यात किंवा त्याच्या तुकड्यात माती आणली तर त्यातल्या खताच्या कणांनी स्फुरद-पालाश खोटे वाढलेले दिसते, आणि शेतकरी त्या भरवशावर खत कमी घालतो. पिशवीत नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि मागचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाकावी. फळबागेची, काजूची माती याच खोलीवर काढून उपयोग नाही; तिथे ९० सेंटिमीटरपर्यंत, दर ३० सेंटिमीटरचा नमुना वेगळा. खानापूर भागातल्या तांबड्या जमिनी आम्लधर्मी निघतात, तेव्हा अहवालातला सामू (पीएच) ६ च्या खाली आला तर चुना किती टाकायचा हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणी क्रमांक) आणि आरटीसी (जमिनीचा) उतारा बरोबर असला की रयत संपर्क केंद्रातली पुढची कामेही सोपी होतात.

हे सगळे एका सूचनेत मावते का, असे कोणी विचारेल. मावते. नमुन्यादाखल एक लिहून देतो, पात्रता आणि आकडे अर्थात ज्या त्या संस्थेचे: ‘प्राथमिक आर्क वेल्डिंग. सोमवार ते शुक्रवार, दुपारी २ ते ४, आठ आठवडे, एकूण ८० तास. त्यातले ६० बूथवर. तुकडी १६ जणांची, बूथ ४. आठवी पास, वय १८ पूर्ण. भाषा मराठी आणि कन्नड. फी, रॉड आणि पत्र्याच्या खर्चासह, इतकी; आणखी काही घ्यावे लागणार नाही. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट स्वतःचे, काच आणि हातमोजे संस्थेचे. परीक्षा बाहेरच्या परीक्षकाची. आधार, मार्क्स कार्ड, आरडी क्रमांक, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स. शेवटची तारीख अमुक. १२ अर्ज आले नाहीत तर तुकडी तमुक तारखेला सुरू होईल. सीबीटीवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) अमुक मार्गाची बस, तमुक थांबा.’ बारा सेंटिमीटरच्या एका कॉलममध्ये हे बसते.

शेवटून दुसरे वाक्य मुद्दाम घातले आहे. तुकडी पुरेशी भरली नाही म्हणून वर्ग पुढे ढकलला जातो आणि कोणी कळवत नाही. मुले दोनदा येऊन परत जातात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

आपल्याला विनंती अशी की दर गुरुवारी एक ठरावीक चौकट, ठरावीक पानावर, फक्त होणाऱ्या वर्गांची आणि शिबिरांची द्यावी. गुरुवार यासाठी की वाचणाऱ्याला शुक्रवारी फोन करता येतो आणि शनिवारी जाता येते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सरकारी कार्यालये बंद असतात, त्या आठवड्यात चौकटीतच तसे छापावे. संस्थांनी मजकूर सोमवारपर्यंत द्यावा आणि शेवटच्या तारखेला निदान १५ दिवस शिल्लक असावेत; नसल्यास आपण तो छापू नये. भरलेल्या तुकडीपुढे ‘भरली’ असे पुढच्या गुरुवारी यावे. वर्गाचे तास, यंत्रांची संख्या आणि परीक्षा कोण घेणार, या तीन ओळी नसलेला मजकूर संस्थेकडे परत पाठवावा. पहिले काही आठवडे संस्थांकडून हा मजकूर मागवून तपासून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपले,
तांत्रिक व कृषी शिक्षणातील काही निवृत्त शिक्षक,
बेळगाव आणि खानापूर